कोरडे कुंड

आमच्या सोसायटीत हल्ली एक पिवळीधमक, बुटकी गाडी येते. बी विंगमधल्या बिल्डरच्या चिरंजीवांची आहे. बिबवेवाडीच्या रस्त्यावर पावलोपावली गतिरोधक, त्यामुळे ही गाडी प्रत्येक गतिरोधकापाशी थबकते, तिरकी होते आणि नव्या सुनेने उंबरठा ओलांडावा तसं एकेक चाक पलीकडे टाकते. मागचे रिक्षावाले जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण मी गॅलरीत उभी राहून ते आवडीने ऐकते. मध्यंतरी लिफ्टपाशी भेटला तेव्हा मी त्या मुलाला विचारलं, "काय रे, तुझ्या गाडीत इंजिन इतकं खाली कसं बसवलंय?" तो म्हणाला, "आंटी, ॲक्च्युअली मिड-इंजिन आहे ना ही." मी म्हटलं, "कुठे आहे ते नाही विचारलं. खाली कसं आहे ते विचारलं." त्यावर त्याने, मी गोळी घ्यायला विसरले असावे अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढला. ज्या गोष्टीच्या जोरावर त्याची गाडी जमिनीला पोट लावून पळते ती गोष्ट त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्याचं दुःखही नाही. आमच्या घरात मात्र त्याच गोष्टीपायी माझं पुढचं शिक्षण टांगणीला लागलं होतं, म्हणून ते सगळं एकदा लिहून ठेवते.

तेव्हाही आम्ही बिबवेवाडीतच राहत होतो, पण बैठ्या घरात. घराला लागून पत्र्याची शेड, पुढे व्हरांडा, आणि व्हरांड्यात झोपाळा. या झोपाळ्यावर दादाकाका बसत. दादाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक, विधुर, आणि स्वतःच्या मते पुण्यातल्या शुद्ध मराठीचे शेवटचे राखणदार. शनिवार पेठ सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी कोणीही आलं की पहिलं वाक्य "आम्ही मूळचे शनिवारातले" हेच. बिबवेवाडीत ते राहत नसत, आमच्यावर उपकार म्हणून मुक्काम करत. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायच्या. सकाळी डोळे उघडायच्या आधी माझ्या कानावर ती कुरकुर यायची आणि तिच्या तालावर दादाकाकांनी वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोठ्याने वाचणं यायचं. बातमीत माणसं मेली असली तरी त्यांना दुःख व्हायचं ते ऱ्हस्व-दीर्घाचं. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "त्या कड्यांना कोणीतरी तेल घाला हो," आणि दादाकाका म्हणायचे, "कड्यांना वंगण घालतात. तेल भाजीला."

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. त्या सुमारास कारखान्यात संप सुरू झाला आणि तो मिटेचना. अप्पा घरी बसले. जेवणात भाकरी आणि आमटी, दुसऱ्या दिवशी बदल म्हणून आमटी आणि भाकरी, असं चाललं होतं. अप्पांचा स्वभाव असा की त्यांचे हात रिकामे राहिले तर त्यांना ताप यायचा, आणि थोरल्या भावासमोर तोंड उघडायची वेळ आली तर घाम फुटायचा. "दादा म्हणतील तसं" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याचा अर्थ कधीच निघून गेला होता. पण संपाच्या काळात त्यांनी दादांना न विचारता एक गोष्ट केली. जुन्या बाजारातून, भंगारात निघालेल्या मोटारीचं इंजिन आणलं आणि शेडमध्ये दोन माणसांची एक ठेंगणी, वेगवान गाडी बांधायला घेतली. मी नुकतीच बारावी झाले होते. पत्रा कापणं, कानशीने धार मारणं, नळ्या वाकवणं मला अप्पांइतकंच यायला लागलं, आणि मला मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचंय हे मला त्या शेडमध्येच कळलं.

आता त्या बिल्डरपुत्राला जे सांगायचं राहिलं ते इथे सांगते. साध्या इंजिनाच्या बुडाला तेलाचं एक खोल भांडं असतं. त्याला सम्प म्हणतात. इंजिन त्या भांड्याच्या डोक्यावर बसलेलं असतं, त्यामुळे भांडं जितकं खोल तितकं इंजिन वर. अप्पांनी इंजिन सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढ्यात ठेवायचं ठरवलं होतं, म्हणजे सगळं वजन गाडीच्या मध्याशी येतं. पण भांडं रस्त्याला घासू नये म्हणून इंजिन इतकं उचलावं लागे की बसणाऱ्याच्या मानेमागे डोकावायचं. एवढं वजन उंचावर असलं की वळणावर गाडी कलायला बघते. शिवाय जोरात वळलं की भांड्यातलं तेल एका अंगाला पळतं आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. यावर उपाय म्हणजे तेलाचं बिऱ्हाड तिथून हलवायचं. बुडाला खोल भांड्याऐवजी एक उथळ तबक, त्यात ठिबकणारं तेल लगेच उपसून घ्यायला एक जादा पंप, आणि साठवायला बाजूला एक वेगळी उभी टाकी. हा झाला ड्राय सम्प. तबक मी कापलं आणि अप्पांनी जोडलं, आणि इंजिन चांगलं वीतभर खाली बसलं. ते बसलं तेव्हा अप्पा जमिनीवर मांडी घालून त्याच्याकडे नुसते बघत राहिले. आईला हे समजावलं तर ती म्हणाली, "म्हणजे आमटी ताटात न वाढता वाटीत वाढायची, एवढंच ना?" मी नंतर नोकरीत कित्येकांना हा विषय शिकवला, पण इतक्या चटकन कोणाला समजलेला बघितला नाही.

या योजनेत एक खोड असते. गाडी उभी राहिली की टाकीतलं तेल रात्रभर झिरपत खाली तबकात उतरतं. म्हणून सकाळी टाकीत डोकावलं तर ती जवळजवळ रिकामी दिसते, आणि घाबरायचं कारण नसतं. इंजिन चालू करायचं, तापू द्यायचं, पंप सगळं तेल वर उपसतो, आणि मग पातळी बघायची. अप्पांनी हे एका रात्री जेवताना सर्वांना नीट समजावून सांगितलं. दादाकाकाही पाटावर होते. पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच लागलं होतं.

"वसंता," ते भाकरी बाजूला ठेवून म्हणाले, "संप म्हणजे हरताळ. तुमच्या कारखान्यात आहे तो संप. इंजिनात संप कसा असेल?"

"दादा, तो इंग्रजी शब्द आहे."

"तेच म्हणतोय मी. घरात एक संप आहे तेवढा पुरे. याला मराठी शब्द हवा."

दोन दिवस झोपाळा जास्तच कुरकुरला आणि तिसऱ्या दिवशी शब्द जन्माला आला: कोरडे कुंड. दादाकाकांचं अक्षर फार सुंदर होतं, हे कबूल करायला हवं. त्यांनी पत्र्याची पट्टी मागून घेतली, तीवर पांढऱ्या रंगाने शब्द लिहिला आणि स्वतः शेडमध्ये येऊन तबकाच्या कडेला लावला. तेवढ्यावर थांबले असते तर प्रश्न नव्हता. पण त्यांना चव लागली. कार्बोरेटर इंधनमिश्रक झाला, स्टिअरिंगला सुकाणू अशी पट्टी लागली, ब्रेकच्या पेडलवर गतिरोधक आलं. आरसा मराठीच होता, तर त्याचा पृष्ठदर्शक आरसा करून ठेवला. तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीसाठी त्यांनी तैलदाबनिदर्शक असा शब्द काढला. तो इतका लांब होता की त्याच्या पट्टीने तबकडीचा खालचा भागच झाकून टाकला. मी म्हटलं, "काका, काटा खाली आला तर दिसणार नाही." ते म्हणाले, "शब्द दिसतोय ना? मग झालं." अप्पांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे राहू दे. संध्याकाळी शाळेतले जुने सहकारी आले की दादाकाका त्यांना शेडमध्ये न्यायचे आणि पट्ट्या वाचून दाखवायचे. ते सगळे वाहवा करायचे. पट्ट्यांखाली एक गाडी आहे याची दखल कोणी घेतली नाही.

माझ्या प्रवेशाचा विषय निघाला तेव्हा दादाकाकांनी झोपाळा थांबवला. आमच्या घरात झोपाळा थांबला की न्यायालय भरलं असं समजायचं. "मुलगी हुशार आहे. तिने मराठी घेऊन एम.ए. करावं. हात काळे करण्यात काय अर्थ आहे?" असं ते म्हणाले. मी अप्पांकडे बघितलं. अप्पा चहाच्या कपात बघत होते. मग मीच म्हटलं, "काका, गाडी आम्ही दोघांनी बांधलीये. ती चालली तर?" दादाकाकांना भाषणाची संधी मिळाली की ते हरखायचे. ते उठून उभे राहिले. "हे यंत्र खडकवासल्याच्या धरणापर्यंत जाऊन स्वतःच्या पायांनी परत आलं, तर मी एक अक्षर बोलणार नाही. तिने हवं ते शिकावं. हा माझा शब्द आहे." आई आतून म्हणाली, "ऐकलंय हं आम्ही सगळ्यांनी."

रविवारी सकाळी निघायचं ठरलं. मी उठले तेव्हा दादाकाका अंघोळ करून, कोट घालून व्हरांड्यात उभे होते. पहाटेच उठून ओल्या फडक्याने सगळ्या पट्ट्या पुसून आले होते. मी टाकीचं झाकण काढून बघितलं. तळ दिसत होता. "अप्पा, तेल उतरलंय खाली," मी म्हटलं. "उतरणारच," अप्पा म्हणाले, "तापलं की बघू." इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. त्याचा आवाज पत्र्याच्या शेडमध्ये असा घुमला की मला रडूच यायला लागलं. तेवढ्यात दादाकाका घड्याळ हातात धरून फाटकातून ओरडले, "वसंता, सात म्हणजे सात! शनिवारातल्या माणसाने वेळ चुकवायची नसते!" अप्पांनी एकदा टाकीकडे बघितलं, एकदा दादांकडे. दादा म्हणतील तसं. आम्ही निघालो.

दांडेकर पूल ओलांडून सिंहगड रस्त्याला लागेपर्यंत मी आयुष्यात इतकी सुखी कधी झाले नव्हते. पार्श्वभाग रस्त्यापासून हातभर वर, कानामागे इंजिन, आणि अप्पा चक्क गाणं गुणगुणत होते. वळणावर गाडी जराही कलली नाही. अप्पा ओरडले, "बघितलंस? बसलंय की नाही खाली!" वडगावच्या अलीकडे आवाज बदलला. आधी खडखड, मग किंचाळी, मग मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी गाडी जागच्या जागी थांबली. मी तैलदाबनिदर्शकाकडे बघितलं. सुंदर अक्षर होतं. काटा नव्हता. तो केव्हाचा पट्टीखाली जाऊन पडला होता.

इंजिन सीझ झालं होतं. तेलावाचून बेअरिंग जळून आतल्या फिरत्या दांड्याला चिकटली होती. अप्पांनी गाडीखाली बघितलं, नळ्या चाचपल्या. कुठे फुटलेलं नाही, रस्त्यावर थेंब नाही. "तेल गेलं कुठे?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. एक ट्रॅक्टरवाला थांबला. गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, "लई खाली हाय की वो ही. बसता कसं न् उठता कसं?" मग त्याने दोर काढला आणि बिबवेवाडीपर्यंत आम्हाला ओढत आणलं. लोक दुतर्फा उभे राहून हसत होते, आणि दोर बांधलेल्या त्या गाडीत अप्पा दोन्ही हातांनी सुकाणू घट्ट धरून, समोर बघत, एखाद्या पाहुण्यासारखे ताठ बसले होते. त्या दिवशी रस्त्यावर हसलेल्या प्रत्येक माणसाचा मला अजून राग आहे.

घरी पोचलो तेव्हा दादाकाका झोपाळ्यावर होते. "स्वतःच्या पायांनी परत आलेली दिसत नाही," ते म्हणाले आणि झोका घेतला. मी पायरीवरच थांबले. काहीतरी चुकत होतं आणि काय ते आधी कळेना. मग लक्षात आलं. झोपाळा वाजत नव्हता. जन्मापासून ऐकलेली ती कुरकुर बंद होती, दादाकाका हलत होते आणि आवाज येत नव्हता. मी वर बघितलं. कड्या काळपट तेलाने चमकत होत्या. कोपऱ्यात गोडेतेलाचा एक रिकामा डबा पडलेला असायचा. आता तो रिकामा नव्हता, आणि त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: वंगण.

"काका, हे तेल कुठून आणलंत?"

"तुमच्या गाडीतून," दादाकाका शांतपणे म्हणाले. "पट्ट्या पुसत होतो. कुंडाच्या खाली ते निचऱ्याचं बूच आहे ना, तिथे थेंब दिसला. फिरवून बघतो तर आत तेल! वर लिहिलंय कोरडे कुंड आणि आत तेल. कोणी येऊन बघितलं असतं तर काय म्हटलं असतं? मी सगळं काढून कोरडं केलं. वाया घालवलं नाही, कड्यांना घातलं."

अप्पा पायरीवर खाली बसले. आई दारात आली, तिच्या हाताला पीठ होतं. मी ओरडले, "काका, गाडी उभी असताना तेल तिथेच असतं. अप्पांनी जेवताना सांगितलं होतं."

"मग ते कोरडं कसं?"

"चालताना कोरडं!"

"शब्दात तसं कुठे आहे? कुंड कोरडं असेल तर त्यात तेल नको, तेल असेल तर ते कोरडं नव्हे. शब्द चुकू शकत नाही, विचार करून दिलेला आहे."

"शब्द तुम्ही दोन दिले होतेत, काका," मी म्हटलं. "एक त्या तबकाला आणि एक मला. तुमचा पहिला शब्द बरोबर असेल, तर गाडी तुम्ही मारलीत आणि पैज झालीच नाही. तो चुकीचा असेल, तर तसं म्हणा. पण दोन्ही शब्द तुमच्याच सोयीने राहणार असतील, तर पुढची पट्टी स्वतःला लावून घ्या."

आमच्या घरात त्यांच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. दादाकाका उठले, आत गेले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. आईने त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि मला दुप्पट वाढलं. अप्पांनी काहीच खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले. तबकाची पट्टी बदललेली होती. नवी जरा लांब होती, रंग अजून ओला होता. तीवर लिहिलं होतं: बहुधा कोरडे कुंड.

मी अप्पांना हाक मारली. त्यांनी ती वाचली, परत वाचली. "नंदे," ते म्हणाले, "या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतःच्या शब्दाला बहुधा लावलेलं मी बघितलं नाही. यापेक्षा जास्त तो देणार नाही. जा, मेकॅनिकलला नाव घाल." मी घातलं. दादाकाका एक अक्षर बोलले नाहीत, तेवढा शब्द त्यांनी पाळला. पुढे पाहुण्यांना मात्र सांगायचे, "आमच्याच घरात यंत्रांचं वातावरण होतं ना, मी स्वतः लक्ष घालायचो." लोकांनी त्यांना प्रोत्साहन देणारे काका म्हणून ओळखलं. त्यांच्या शोकसभेत एका वक्त्याने ते सांगितलं तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून पंख्याकडे बघत होते. त्या बहुधाने माझं समाधान झालं नाही आणि अजूनही होत नाही. मला कॉलेज मिळालं. अप्पांना काय मिळालं? संप मिटला, ते कामावर गेले, आणि गाडीवर त्यांनी एक ताडपत्री टाकली ती पुन्हा कधी काढली नाही. मी सुट्टीत म्हणायचे, "अप्पा, इंजिन खोलू या." ते म्हणायचे, "बघू."

मी दुसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी झोपाळा परत कुरकुरायला लागला. कड्यांमधलं तेल वाळलं होतं. अप्पा व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते, मी चहा घेऊन आले होते. दादाकाकांनी दोन झोके घेतले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "वसंता, तुझ्या त्या गाडीतलं थोडं वंगण काढून दे रे, कड्यांना घालू."

अप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही, पान उलटलं.

"तेल नाही, दादा," ते म्हणाले. "पट्टीवरचं ते बहुधा काढून टाका आता. कुंड कोरडं आहे."